बोंडूचा ग्लास आणि डचांची वखार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर मार्चमध्ये आपल्या दैनिकात काजूबीच्या दराची बातमी असते. आफ्रिकेची बी आली, दर पडला, बागायतदार नाराज. आमच्या घरात ती बातमी आधी वाचली जाते, राशिभविष्य नंतर. पण बीवर चार रकाने आणि बोंडूवर, म्हणजे ती बी ज्याच्या टोकाला लटकते त्या रसाळ फळावर, एक ओळ नाही, हे मला आता खटकायला लागलं आहे. तसंच आपल्या पर्यटन पुरवणीत कोकण म्हटलं की समुद्र, सुरमई आणि स्कूबा. वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे, हे त्यात कधी वाचल्याचं आठवत नाही. या दोन्ही गोष्टींसाठी थोडी जागा मागायला हे पत्र लिहिते आहे. सांगणार मात्र आहे ब्राझीलबद्दल, कारण या दोन तक्रारींचं नातं मला तिकडे जाऊन कळलं.

माझा वेंगुर्ल्याजवळ काजू फोडायचा छोटासा कारखाना आहे. बी उकडणं, फोडणं, सुकवणं, सोलणं, प्रतवारी, सगळं आम्ही बायकाच करतो. बोटांवर टरफलाच्या तेलाचे डाग कायमचे. लेक नोकरीनिमित्त रेसिफेला असते. ब्राझीलच्या ईशान्य कोपऱ्यातलं, अटलांटिकच्या काठावरचं हे जुनं पोर्तुगीज बंदर, पेर्नांबुकु राज्याची राजधानी. तिने बोलावलं म्हणून नोव्हेंबरात गेले. आमच्याकडे तेव्हा काजूला मोहोर यायच्या बेतात असतो, तिकडे ऐन हंगाम. लिस्बनला विमान बदललं. आपल्याकडे काजू आणणारी माणसंही लिस्बनच्याच राजाची चाकर, तेव्हा वाट काही अगदीच परकी नव्हती.

पहिल्याच दिवशी लेकीने सुपरमार्केटात नेलं. तिथे द्राक्षं, पपया असतात त्या फळीवर थर्माकोलच्या तबकात, वर पातळ प्लास्टिक ताणून, बोंडू मांडलेले. लाल, पिवळे, बी खाली तशीच लटकलेली. मी तिथेच उभी राहिले. आमच्याकडे बी पिळून काढली की बोंडू झाडाखाली. एप्रिलमध्ये बागेतून चालताना चपलेला चिकटतात, आंबूस वास सुटतो, चिलटं घोंघावतात, गुरं थोडं खातात आणि उरलेलं कुजतं. वजनाने बीच्या पाच-दहा पट असलेलं फळ आम्ही मातीत घालतो आणि बीच्या दरासाठी रडतो. हद्दीपलीकडे गोव्यात निदान त्याची हुर्राक आणि फेणी ही दारू होते. फेणीला तर 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन वेंगुर्ल्याच्या काजूलाही आहे, पण त्यात बोंडूच्या वाट्याला काय आलं?

रेसिफेत ज्या खानावळीत बसाल तिथे बोंडूचा रस मिळतो. संत्र्याचा, अननसाचा, तसाच हा. पांढुरका, थंडगार, घशाला किंचित धरणारा. बोंडूचा पाकातला मुरंबा मिळतो, वाळवलेला बोंडू मिळतो, गाळून तापवलेला मधाच्या रंगाचा रस बाटलीत मिळतो. घसा धरणारा तुरटपणा जावा म्हणून त्या रसात जिलेटिन घालतात. ते रसातल्या तुरट अंशाला धरून खाली बसतं, वरचा नितळ रस काढून घ्यायचा. आपल्याला जिलेटिन चालत नसेल तर शिजवलेल्या साबुदाण्याच्या पेजेनेही ते काम होतं, केरळात तसं करतात. म्हणजे यात रॉकेट उडवण्याइतकं काही नाही. खरं तेही सांगते: ब्राझीलमध्येही मोठ्या बागांत पैसा बीचाच, आणि तिथेही पुष्कळ बोंडू वाया जातो. पण शहरातल्या शाळकरी पोराला बोंडूची चव माहीत आहे. आमच्या तालुक्यातल्या किती पोरांनी बोंडूचा रस ग्लासातून प्यायला आहे? मीठ लावून फोड चोखली, घसा खवखवला, संपलं.

लेक म्हणाली, "आई, तू मला भेटायला आलीस की काजूला?" मग रविवारी ती मला जुन्या बंदरात घेऊन गेली.

रेसिफे नद्यांच्या मुखावर, बेटांवर आणि पुलांवर वसलेलं आहे. किनाऱ्यालगत लांबच लांब खडकाची रांग आहे, तिने लाटा अडवल्या म्हणून आत जहाजं नांगरता आली. त्या जुन्या बेटावर माझ्या लेकीचं ऑफिस आहे. 'पोर्तो दिजिताल' म्हणून आयटीची वसाहत आहे, 2000 साली सुरू झालेली. पण माळरान सपाट करून काचेचे मनोरे उभे केले असं नाही. ओस पडत चाललेल्या बंदराच्या पेठेतच कंपन्यांना बोलावलं, जुन्या इमारती दुरुस्त करून त्यांत बसवलं. बाहेरून जुना दर्शनी भाग, गॅलऱ्या, उंच दारं. आत पोरं कानाला हेडफोन लावून बसलेली. जवळच एका जुन्या तार कंपनीच्या इमारतीत 2014 पासून फ्रेवोचं संग्रहालय आहे. फ्रेवो म्हणजे तिथला कार्निव्हलचा नाच, हातात इवलीशी रंगीत छत्री घेऊन गुडघे मोडेस्तोवर उड्या मारायच्या. युनेस्कोने 2012 साली त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. संग्रहालय म्हणजे काचेच्या पेट्या असतील असं मला वाटलं होतं. वरच्या मजल्यावर मुलांचा वर्ग चालू होता.

आणखी एक सांगते. शहरात जुना तुरुंग आहे, 1850 साली बांधायला घेतलेला, क्रुसाच्या आकाराचा. मधल्या घुमटाखाली उभं राहिलं की चारी बाजूंच्या कोठड्यांवर नजर राहावी अशी रचना. 1973 साली तुरुंग बंद झाला आणि तीन वर्षांनी त्यात हस्तकलेचा बाजार भरला. एकेक कोठडी म्हणजे एकेक दुकान. एकीत लेस विणलेल्या चादरी, दुसरीत मातीच्या बाहुल्या, तिसरीत भाजलेले काजूगर आणि बोंडूची मिठाई. मी गर हातात घेऊन पाहिला. प्रतवारी आमच्याकडे बरी होते, हे अभिमानाने नमूद करते.

आता डच. 1630 साली डचांच्या वेस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीजांकडून हा मुलूख घेतला, तो साखरेसाठी. 1637 ते 1644 या काळात योहान मॉरित्स नावाचा सरदार इथे गव्हर्नर होता. त्याने बेटावर नवं नगर वसवलं, बाग केली, चित्रकार आणले. त्या चित्रकारांपैकी अल्बर्ट एकहाउटच्या एका चित्रात पांढऱ्या पोशाखातली बाई काजूच्या झाडाखाली उभी आहे, वर बोंडू लगडलेले. मूळ चित्र कोपनहेगनला आहे. पण मला या मॉरित्सची ओढ लागली ती निराळ्या कारणाने. 1641 साली त्याने हुकूम काढला की काजूचं झाड तोडेल त्याला झाडामागे 100 फ्लोरिन दंड. कारण, तिथल्या मूळ रहिवाशांचं पोट या फळावर आहे. बीवर नव्हे, फळावर! ते लोक आपलं वयसुद्धा काजूच्या हंगामांवरून मोजत.

त्याच मॉरित्सची दुसरी गोष्ट मात्र अस्सल नगरपालिकेची आहे. त्याने नदीवर पूल बांधला, खर्च हाताबाहेर गेला. 1644 साली पूल खुला करताना दवंडी पिटली की आज इथे बैल उडणार. गाव लोटला. खरा बैल दाखवून झाला, मग पेंढा भरलेलं बैलाचं कातडं दोरांवरून हवेतून सरकवलं. पाहायला आलेल्या प्रत्येकाने पूल ओलांडला आणि जाता-येता टोल भरला. आपल्याकडे टोल घेतात, पण बैल उडवत नाहीत.

याच काळात, सतराव्या शतकाच्या मध्यावर, डचांची दुसरी कंपनी, ईस्ट इंडिया कंपनी, आमच्या वेंगुर्ल्यात होती. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना रसद वेंगुर्ल्यातून जाई. तिथे वखार, इथे वखार, शत्रू दोन्हीकडे पोर्तुगीज. रेसिफेच्या धक्क्यावर उभं राहून हे लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, हे मला शाळेत कुणीच सांगितलं नाही." वेंगुर्ल्याच्या शाळेत शिकलेली मुलगी, वखारीपासून काही किलोमीटरवर!

रेसिफेत डचांच्या राज्यात ज्यूंना उघडपणे धर्म पाळता आला आणि अमेरिका खंडातलं पहिलं सिनेगॉग इथल्या एका रस्त्यावर उभं राहिलं. 1654 साली पोर्तुगीज परतले, ज्यू निघून गेले, त्यातले 23 जण आजच्या न्यूयॉर्कला पोचले. सिनेगॉग विस्मरणात गेलं, त्यावर दुसऱ्या इमारती झाल्या. 2000 च्या सुमारास उत्खनन करून जुन्या फरशा आणि विधिस्नानाचं कुंड शोधून काढलं. आज तिथे संग्रहालय आहे, काचेखाली ती जुनी जमीन दिसते. रस्ता रंगीत, देखणा, रविवारी बाजार भरतो. त्याच रस्त्यावर डचांच्या काळात गुलामांचा बाजारही भरत असे, त्याचं त्याच काळातलं चित्र आहे. साखर गोड होती ती आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या जिवावर, आणि ब्राझीलमध्ये गुलामी कायद्याने बंद व्हायला 1888 उजाडलं. सुंदर गॅलऱ्यांचे फोटो काढताना हे डोक्यातून जात नाही. जाऊही नये.

ओलिंडा हे जुनं गाव रेसिफेपासून सहा-सात किलोमीटरवर, टेकडीवर. कार्तिकी एकादशीच्या दिवशी आम्ही तिथे गेलो, म्हणजे एकादशी आहे हे मला माहीत, लेकीला नाही. चढ असे की माझ्या गुडघ्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं. दगडी रस्ते, दोन्ही बाजूंना पिवळी, निळी, गुलाबी बैठी घरं एकमेकांना खेटून. समोरून घर आठ-दहा हात रुंद, पण मागे लांबलचक परसू. आणि त्या परसांत काय? आंबा, फणस, माड, काजू. आंबा-फणस आपल्याकडून गेलेले, काजू तिकडून आपल्याकडे आलेला. पोर्तुगीजांच्या जहाजांनी दोन्ही किनाऱ्यांची परसं एकसारखी करून टाकली. ओलिंडा वसवणारा दुआर्ते कोएल्यो 1535 साली इथे उतरला, त्याआधी त्याची बरीच वर्षं हिंदुस्थान-मलाक्का या मुलखात गेली होती. तेव्हा डोंगरावर देवळं आणि खाली बंदर ही मांडणी त्याने कुठून उचलली असेल, हा विचार माझ्या मनात आला खरा. इतिहासकारांनी हसू नये.

माथ्यावर कॅथेड्रल आहे. आत गरिबांचे बिशप म्हणून ओळखले जाणारे दोम एल्देर कामारा यांची समाधी आहे, लष्करी राजवटीत तिथल्या पोलादी सत्तेला न घाबरलेला माणूस. बाहेरच्या चौकात बायका टपऱ्या लावून बसतात आणि तव्यावर कसाव्याचं ओलसर पीठ चाळून घालतात. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही, पीठ आपोआप धरतं आणि पांढरं घावन तयार होतं. त्यात ओलं खोबरं भरून घडी घालायची. त्या कंदाचाच आपला साबुदाणा. म्हणजे मला तिथे, परक्या देशात, कॅथेड्रलच्या दारात, एकादशीचा फराळ मिळाला! वर चीज घालत होती, ते नको म्हटलं. त्या बाईला वाटलं, पैसे वाचवते आहे. तिने खोबरं वाढवून घातलं.

1631 साली डचांनी हे ओलिंडा जाळलं होतं. राखणं अवघड, दगड रेसिफेला बांधकामाला उपयोगी. नंतर पुन्हा बांधलं गेलं. पुढे टेकडीवरचे साखरबागायतदार आणि खालच्या बंदरातले व्यापारी यांचं वैर पेटलं. वरच्यांची ऐट मोठी आणि कर्ज खालच्यांचं. 1710-11 मध्ये त्यावरून चक्क लढाई झाली. ओलिंडा हरलं ते कायमचंच, राजधानी, पैसा, बंदर सगळं रेसिफेकडे गेलं. आणि म्हणूनच ओलिंडा उरलं, कारण पाडून नवं बांधायला पैसाच राहिला नाही. 1982 साली ते जागतिक वारसा झालं, आपल्या जुन्या गोव्याच्या चर्चेसच्या चार वर्षं आधी.

पण मला जो फरक जाणवला तो हा. जुन्या गोव्यात संध्याकाळी पर्यटकांच्या बस गेल्या की सामसूम. ओलिंडात माणसं राहतात. दोरीवर कपडे वाळत होते, एका खिडकीत म्हातारा रेडिओ ऐकत बसला होता, एका घरात दाताचा दवाखाना. बेनेडिक्टाईन मठात रविवारी सकाळी भिक्षू अजून जुन्या चालीत प्रार्थना गातात. ब्राझीलच्या पहिल्या दोन कायदा महाविद्यालयांपैकी एक 1828 साली याच मठात सुरू झालं होतं. त्या मठाची सोन्याने मढवलेली वेदी काही महिने न्यूयॉर्कच्या संग्रहालयात जाऊन आली, आणि परत येऊन पुन्हा पूजेला लागली. कार्निव्हलसाठीच्या महाकाय बाहुल्या एका घरात उभ्या पाहिल्या, माणसाच्या दुप्पट उंच. त्यांतला सगळ्यात मानाचा 'मध्यरात्रीचा माणूस' 1932 पासून कार्निव्हलच्या शनिवारी रात्री बारा वाजता निघतो. त्याला नाचवणारे त्याच गल्लीतले.

सगळं गोडगोड लिहिते आहे असं वाटू नये. रेसिफेच्या कालव्यांना भरतीच्या वेळी असा वास येतो की नाक धरावं. बोआ व्हियाजेंच्या देखण्या किनाऱ्यावर शार्कपासून सावध राहा अशा पाट्या आहेत, 1992 पासून तिथे हल्ले होत आले आहेत. आम्ही ओहोटीला खडकांच्या आतल्या डबक्यात पाय बुडवून परत फिरलो. जुन्या पेठेच्या पलीकडे किती इमारतींच्या खिडक्यांतून झाडं उगवली आहेत. 2022 च्या मे महिन्यात पाऊस झाला तेव्हा या परिसरात दरडी कोसळून आणि पुरात शंभराहून अधिक माणसं गेली, बहुतेक उतारावरच्या कच्च्या घरांतली. रात्री लेक मला एकटीला कोपऱ्यावरही सोडत नव्हती. त्यांचं सगळं बरं आणि आपलं सगळं वाईट, असा माझा मुद्दा नाही.

मुद्दा एवढाच की तिथे तुरुंगाचं दुकान होतं, तार ऑफिसात नाच होतो, गोदामात संगणक बसतात. आमच्या वखारीचं काय होतं? ती संरक्षित स्मारक आहे. चिऱ्याच्या भिंती, भिंतींत मुळं, पावसाळ्यात आत जायची सोय नाही. बंदरावर सूर्यास्त पाहायला येणारे पर्यटक तिथून पुढे जातात, त्यांना कुणी सांगतच नाही की ब्राझीलमध्ये काजूची झाडं राखणाऱ्यांचे भाईबंद इथे राहत होते. हे सांगणारा एक मराठी-इंग्रजी फलकही पुरे, आणि त्याला लाखांचा निधी लागत नाही.

माझी मागणी लहान आहे. भिंतींना हात लावू नका, ते काम जाणकारांचं. पण वखारीच्या आवाराबाहेर, मार्च ते मे एवढेच तीन महिने, बचत गटांना चार टेबलं मांडू द्या. बोंडूचं सरबत, बोंडूचा मुरंबा, ओल्या काजूची उसळ आणि घावन. इथल्या फळ संशोधन केंद्राने आम्हाला काजूच्या इतक्या जाती दिल्या, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 तर घराघरांत. त्यांच्याकडून बोंडू टिकवायची कृती आम्ही शिकून घेऊ. परवानगीचा अर्ज मी दोन कार्यालयांत दिला आहे, दोघांनीही तो दुसऱ्याकडे द्या म्हणून सांगितलं. आपल्या वार्ताहराने एकदा चौकशी केली तर निदान तिसरं कार्यालय कोणतं ते कळेल.

आणि संपादक महाशय, येत्या मार्चला बीच्या दराशेजारी बोंडूचाही दर छापा. कोण घेतं, कुठे घेतं, किलोला काय देतं. आज कुणी घेतच नसेल तर रकान्यात "खरेदीदार नाही" असं छापा. तेही चालेल, वाचून एखादा उठेल.

जाता जाता ब्राझीलला निघालेल्यांसाठी: परत येताना भारतात पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. निघायच्या किमान दहा दिवस आधी लस घ्या, दाखल्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टातच ठेवा. नाहीतर घरी यायच्या आधी सहा दिवस विलगीकरणात काढावे लागतील.

आपली,
एक काजूवाली,
उभादांडा, वेंगुर्ले